गावचा ठराव मुंबईला कसा पोचतो?

 

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आमदार गावात येणार आहेत. निवेदन द्यायचं आहे. काय काय लिहू?" मग प्रत्येक गट आपापलं सांगतो. पाणंद रस्ता, टँकर, दारूचा अड्डा, रेशनचं मशीन, फायनान्सवाल्यांचा तगादा, एकल महिलांची घरकुलं. वहीची तीन पानं भरतात. फोटो निघतो, निवेदन जातं, आणि पुढच्या वर्षी तीच तीन पानं आम्ही पुन्हा लिहितो.

अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारख्या ज्या संस्था असतात त्यांना काउंटी म्हणतात. त्यातल्या बऱ्याच काउंट्या दरवर्षी राज्याच्या अधिवेशनाआधी एक यादी ठरवतात. आमच्या जिल्ह्याला यंदा कोणता कायदा हवा, कोणता बदलून हवा, कशाला पैसा हवा, हे त्यात लिहितात आणि आपल्या आमदारांच्या हातात देतात. ऐकायला नवीन वाटतं, पण सातारा आणि सांगलीला ही गोष्ट नवी नाही. आपल्या मातीतल्या गावांनी आपलं म्हणणं वरपर्यंत पोचवलेलं आहे. कधी ते लगेच पोचलं, कधी त्याला पंधरा-अठरा वर्षं लागली, कधी ते कपाटातच पडून राहिलं. असं का झालं, ते आज या भागात बघू.

आधी एक लक्षात घेऊ. हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. पुढे १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे ही गोष्ट दोन्हीकडच्या बायांची आहे.

सुरुवात औंधपासून करू. खटाव तालुक्यातलं औंध आपल्याला यमाईच्या डोंगरामुळे आणि तिथल्या संग्रहालयामुळे माहीत आहे. इंग्रजांच्या काळात ते एक छोटं संस्थान होतं. गावं ७२ होती, पण सलग नव्हती. काही औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर गुणदाळचा तुकडा विजापूरच्या बाजूला होता. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे. १९३८ साली त्यांनी जाहीर केलं की राज्याचा कारभार मी प्रजेच्या हाती देतो. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी कामाला हात घातला. त्यांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची राज्यघटना अमलात आली. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा आठ वर्षं बाकी होती.

त्या घटनेत गावानं पाच पंच निवडायचे होते. गावच्या पंचायतींतून तालुक्याची पंचायत बनायची, आणि तालुक्यातून माणसं औंधच्या कायदेमंडळात जायची. म्हणजे कायदे करणाऱ्या सभेत बसलेला माणूस आधी गावच्या पारावर बसलेला असायचा. विहीर, शाळा, तंटा या गोष्टी गावानंच बघायच्या होत्या. गावाला जे झेपत नाही तेवढंच वर जायचं.

यात बायांसाठी एक अडचण होती. मताचा हक्क ज्याला लिहिता-वाचता येतं त्यालाच असावा, असं गांधीजींनी सुचवलं होतं. त्यामागे हेतू असा की लोक झटून अक्षर शिकतील. पण १९३९ साली आपल्या आज्ज्या-पणज्यांपैकी किती जणींना अक्षर येत होतं, याचा विचार करा. गावातली पायरी सगळ्यांसाठी असली तरी तिच्यावर चढायला पहिल्यांदा पाटी-पेन्सिल लागत होती. म्हणूनच आज गटात आम्ही सहीचा आग्रह धरतो. मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो प्रयोग संपला.

पुढची गोष्ट महाराष्ट्र राज्याची. १ मे १९६० ला राज्य झालं. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्रे गावी जन्मलेले, कऱ्हाडला वाढलेले. त्यांच्या सरकारनं वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खाली ग्रामपंचायत, मध्ये पंचायत समिती, वर जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची शिडी उभी राहिली.

या शिडीला वरच्या टोकाला आणखी एक धागा जोडलेला आहे, तो फार थोड्या बायांना ठाऊक असतो. मुंबईच्या विधिमंडळात दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ आमदार, त्यांना आपण मत देतो. सातारा जिल्ह्यातून ८ आणि सांगलीतून ८ असे आपले १६. दुसरं सभागृह विधान परिषद, तिथे ७८ जण असतात. त्यातले २२ आमदार स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात. जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, नगरपालिका आणि महापालिकेचे नगरसेवक त्यांना मत देतात. आपला मतदारसंघ आहे सांगली-सातारा, दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एक. म्हणजे आपल्या गावगाड्याचं म्हणणं मांडायला विधिमंडळात राखून ठेवलेली एक खुर्ची आहे.

ग्रामपंचायत सदस्याला या निवडणुकीत मत नाही, हेही सांगायला हवं. आणि मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर बराच काळ निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक कारभार बघू लागले. त्या वर्षाच्या शेवटी विधान परिषदेतल्या सांगली-सातारा जागेचीही मुदत संपली. मत द्यायला सदस्यच नव्हते, म्हणून तीही रिकामी राहिली. शिडीची मधली पायरी निखळली की गावचा माणूस खाली आणि मंत्रालय वर, असं होतं. अशा वेळी खालच्या पायरीला, म्हणजे ग्रामसभेला, जास्त महत्त्व येतं.

आता ज्या गोष्टीचा आपल्या भागाला खरा अभिमान वाटावा ती गोष्ट.

तासगाव तालुक्यात विसापूर गाव आहे. वि. स. पागे हे तिथल्या भागातले नेते. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातला भूमिहीन मजूर वर्षातले किती महिने रिकामा बसतो, हे त्यांना आपल्याच भागात दिसत होतं. त्यांनी एक साधा विचार मांडला. ज्याला काम हवं आहे आणि अंगमेहनत करायची तयारी आहे, त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी असली पाहिजे. काम ही मेहेरबानी नको, हक्क हवा.

पण ते एवढं बोलून थांबले नाहीत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विसापूरला आणि तासगाव तालुक्यात हा विचार करून पाहिला गेला. लोकांना काम दिलं तर किती जण येतात, कोणती कामं निघतात, किती पैसा लागतो, हे हिशेबासकट समोर आलं. मग ती योजना वसंतराव नाईकांच्या सरकारपुढे गेली आणि १९७२ साली राज्यभर लागू झाली.

आणि तेव्हाच बहात्तरचा दुष्काळ पडला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, सगळीकडे जमीन भेगाळलेली. खडी फोडायला, नालाबंडिंगला, तलावाच्या कामाला हजारो बाया गेल्या. लेकरं झाडाखाली झोळीत, दुपारला सुकडी, घरी मिलोची लाल भाकरी. त्या दुष्काळानं सरकारला दाखवून दिलं की काम मागायला येणाऱ्यांत बाया मागे नाहीत, हजेरीपटावर त्यांची नावं मोठ्या संख्येनं आहेत.

योजना आणि कायदा यात फरक असतो. योजना सरकार आज सुरू करतं, उद्या पैसे नाहीत म्हणून बंद करतं. कायदा असला की तुम्ही हक्कानं मागू शकता. म्हणून मजुरांच्या संघटनांनी आणि विधिमंडळातल्या लोकांनी कायद्याचा आग्रह धरला. १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो पैसा रोजगार हमीसाठी. तेवढीच रक्कम राज्य सरकारनं घालायची. १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अर्ज केल्यावर १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकार भत्ता. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरांसाठी सोय. एकाच कामाचा दर बाईला आणि गड्याला सारखा.

तिथून पुढे २००५ साली देशाच्या संसदेनं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. तासगाव तालुक्यातल्या एका प्रयोगाला मुंबईत कायदा व्हायला साधारण दहा वर्षं लागली आणि दिल्लीत पोचायला आणखी पंचवीसच्या वर. पण तो पोचला, कारण मागणीबरोबर करून पाहिलेलं काम होतं, हिशेब होता, पैसा कुठून आणायचा याचं उत्तर होतं, आणि सभागृहात तो विषय लावून धरणारा माणूस होता.

कायदा झाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात पुन्हा दुष्काळ पडला. रोजगार हमीवर काम होतं, पण काम कसलं? खडी फोडायची. खडीचे ढीग रस्त्याकडेला पडून राहायचे, पुढच्या वर्षी पुन्हा दुष्काळ, पुन्हा खडी. मुंबईचा गिरणी संप झाल्यावर गावी परतलेले कामगार आणि इथले शेतमजूर, बाया आणि गडी, मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. त्यांची मागणी होती की आम्हाला नुसतं काम नको, दुष्काळ हटवणारं काम द्या. माती अडवणारं, पाणी अडवणारं काम द्या.

याच भागात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण उभारलं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी त्याला विरोध केला, थोडी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशातून धरणाला हात घातला. परवानगीसाठी सरकारशी झगडावं लागलं. या धरणाच्या पाण्यात भूमिहीन घरांनाही वाटा ठरला. ज्याच्याकडे जमीन त्यालाच पाणी, ही जुनी रीत तिथे मोडली. पुढे १९९३ पासून आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरू लागल्या. सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतली माणसं दरवर्षी जमून एकच मागणी पुन्हा पुन्हा मांडत राहिली, कृष्णेचं पाणी वर चढवा आणि सगळ्यांना समान वाटा. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ कायद्यानं स्थापन झालं आणि टेंभूसारख्या योजनेची कामं सुरू झाली. आज आटपाडीच्या शिवारात डाळिंबाला पाणी मिळतं, त्यामागे या परिषदांची वर्षं आहेत.

आता उशिराची किंमत काय असते तेही बघू. कोयनेचं धरण झालं तेव्हा पाटण आणि जावळी खोऱ्यातली गावं १९६० च्या सुमारास पाण्याखाली गेली. त्या धरणाची वीज राज्यभर गेली. पण धरणग्रस्तांचं पुनर्वसन कसं करायचं याचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. कायदा चांगला होता, देशात अशा कायद्यांत पहिला. पण ज्यांची घरं आधीच बुडाली होती त्यांच्यासाठी तो उशिरा आला. कोयनेच्या लोकांना आपल्या हक्कासाठी पुढे कितीतरी वर्षं मोर्चे काढावे लागले. मागणी मांडायला उशीर झाला, किंवा ती ऐकायला सरकारनं उशीर केला, तर मधल्या काळात एक पिढी भरडली जाते.

जतची गोष्ट याहून जवळची. जत तालुका सांगली जिल्ह्याच्या टोकाला, पलीकडे कर्नाटक. म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्याच्या पूर्व भागातल्या चाळीसहून जास्त गावांना मिळत नव्हतं. २०१२ च्या दुष्काळात तिथल्या गावांनी ठराव केले की आम्हाला पाणी देता येत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो. तो ठराव रागाचा होता, पण त्यामागची तहान खरी होती. उन्हाळ्यात तिथे घागर कोणाच्या डोक्यावर असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पुढची दहा वर्षं ते ठराव कागदावर राहिले. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांचा विषय काढला आणि एकदम मुंबईत धावपळ सुरू झाली. ठराव जुना आहे, २०१२ चा आहे, असं आपल्या सरकारनं सांगितलं. ते खरंच होतं. पण त्यानंतर थोड्याच काळात विस्तारित म्हैसाळ योजनेच्या जवळपास २००० कोटी रुपयांच्या कामाला गती मिळाली. गावं तीच होती, तहान तीच होती, ठरावही तोच होता. विचारणारं कोणीतरी उभं राहिलं तेव्हा तो हलला. यातून आम्ही एवढंच घेतो की ठराव करून घरी बसलं तर तो तिथेच बसतो. त्याचं काय झालं हे दर ग्रामसभेत विचारावं लागतं.

किती काळ विचारावं लागतं? साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं उदाहरण आहे. जादूटोणा, नरबळी, अघोरी उपाय यांच्या विरोधात कायदा हवा, ही मागणी १९९५ साली विधान परिषदेत गेली. भूत लागलं म्हणून बाईला मारणं, मूल होत नाही म्हणून बाबाच्या पायी घालणं, हे बायांच्याच वाट्याला येतं, म्हणून हा कायदा आपलाही आहे. पुढे मसुदा बदलला, कलमं गाळली, पुन्हा मांडला, पुन्हा राहिला. दरवर्षी अधिवेशन आलं की कार्यकर्ते मुंबईला, नागपूरला जात राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. अठरा वर्षं लागली, आणि एका माणसाचा जीव गेला.

याच्या उलट, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव बघा. ४ मे २०२२ रोजी ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी आणि मंगळसूत्र काढणं या प्रथा आमच्या गावात बंद. दोन आठवड्यांच्या आत ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं की हेरवाडचा आदर्श घ्या. एका गावचा ठराव एवढ्या लवकर मंत्रालयात पोचला, कारण गावानं वर काही मागितलं नव्हतं, आधी स्वतः ठरवलं होतं.

पण इथेही नीट बघायला हवं. परिपत्रक म्हणजे कायदा नाही. आज एखाद्या गावात बाईच्या बांगड्या बळजबरीनं फोडल्या तर त्या परिपत्रकानं कोणाला शिक्षा होत नाही. म्हणून विधवा प्रथांविरोधात कायदा हवा ही मागणी अजून उभी आहे. ठराव गावाचा, शासन निर्णय आणि परिपत्रक खात्याचं, कायदा विधिमंडळाचा. हे तीन वेगळे कागद आहेत. आपल्याला कोणता हवा हे कळलं की निम्मं काम होतं.

मैत्रिणींनो, आता आपल्या तीन पानांच्या निवेदनाकडे येऊ. आमच्या काही गटांनी ती यादी समोर ठेवून प्रत्येक मागणीपुढे एक दार लिहिलं. हा प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा?

घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायची आहेत. याचा शासन निर्णय कधीच झालेला आहे. नवा कायदा मागायला नको, ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा आणि नमुना ८ चा उतारा हातात येईपर्यंत मागे लागायचं. हे दार गावातच आहे.

अंगणवाडीची खोली, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्सताई, शाळेची दुरुस्ती, हे जिल्हा परिषदेचं दार. फायनान्स कंपनीच्या वसुलीचा तगादा. या कंपन्यांवर नियम रिझर्व्ह बँकेचे आहेत, तेव्हा आमदारांना नुसतं निवेदन देऊन भागत नाही, त्या नियमांचा आधार घेऊन तक्रार करावी लागते. मारहाण, धमकी असेल तर पोलीस ठाणं. रेशनचा कायदा केंद्राचा, पण दुकान, यादी, कार्ड यांची अंमलबजावणी राज्याची, म्हणून तहसीलदाराचं दार.

असं करत गेल्यावर विधिमंडळाच्या दारात न्यायच्या मागण्या उरल्या फक्त दोन-तीन. विधवा प्रथांविरोधात कायदा. नवऱ्यानं टाकलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या बाईला कुटुंब म्हणून वेगळी ओळख. या दुसऱ्या मागणीलाही आपल्याकडे इतिहास आहे. वाळवा तालुक्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या स्वातंत्र्यलढ्यातल्या बाईनं पुढे टाकलेल्या बायांना संघटित केलं. त्यांना घर आणि जमीन मिळावी यासाठी त्या भागात लढे झाले. एकट्या बाईचं रेशनकार्ड कोणाच्या नावावर, हा प्रश्न त्या वेळेपासून चालत आला आहे.

तीन पानांत त्या दोन-तीन मागण्या कोणाला दिसतच नव्हत्या. पाणंद रस्त्याच्या खाली आणि टँकरच्या वर त्या कुठेतरी होत्या. निवेदन घेणाऱ्या माणसाला जे लगेच करता येतं तेच तो उचलतो. गटाराला निधी मिळतो, आणि एकल बाईचा प्रश्न पुढच्या वर्षावर जातो. म्हणून आम्ही म्हणतो की आमदारांकडे जाताना एकच पान न्यावं. त्या पानावर जास्तीत जास्त तीन गोष्टी असाव्यात, प्रत्येकीखाली आपल्या गावांतला आकडा. किती एकल महिला, त्यातल्या किती जणींकडे स्वतःच्या नावचं रेशनकार्ड नाही, किती जणींचा अर्ज परत आला आणि कोणतं कारण देऊन. हा आकडा आपल्या गटांइतका नेमका कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. विसापूरच्या प्रयोगातही आधी हिशेब होता, मग मागणी.

हे पान सुरू होतं महिला ग्रामसभेत. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. त्या सभेतल्या शिफारशी मोठ्या ग्रामसभेपुढे ठेवायच्या असतात. पुष्कळ गावांत ही सभा रजिस्टरमध्येच होते. सही घ्यायला रजिस्टर घरी येतं. एका गावात बायांनी दारूबंदीवर दोन तास चर्चा केली आणि नंतर बघितलं तर प्रोसिडिंगमध्ये एक ओळ होती, विविध विषयांवर चर्चा झाली. अशा वेळी भांडायच्या आधी एक काम करायचं. ठराव आपणच आधी लिहून न्यायचा. विषय, कारण, मागणी, सूचक कोण, अनुमोदक कोण. तो सभेत मोठ्यानं वाचायचा, प्रोसिडिंगमध्ये उतरवून घ्यायचा, ठरावाचा नंबर आणि तारीख आपल्या गटाच्या वहीत लिहायची आणि सही-शिक्क्याची नक्कल मागायची. आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. २०११ पासून तो कायदा आहे. सभेत सूचक व्हायला, अनुमोदन द्यायला आपल्यातलीच एक जण तिथे बसलेली असते.

मग हाच ठराव शेजारच्या दहा गावांत करायचा, त्याच शब्दांत. दहा नकला एकत्र बांधून आमदारांना द्यायच्या, पोच घ्यायची. त्यांना विचारायचं की यावर तुम्ही तारांकित प्रश्न लावणार का, लक्षवेधी लावणार का, आणि कोणत्या अधिवेशनात. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते, तिच्याकडेही अर्ज करता येतो. अर्थसंकल्पाचं अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत, पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. तारखा जाहीर झाल्या की त्याच्या आधी महिनाभर आपला कागद तयार हवा. अधिवेशन संपल्यावर पुढच्या महिला सभेत पहिला विषय हाच ठेवायचा, आपल्या ठरावाचं काय झालं.

हे काम दिसायला छोटं आहे. एका कागदानं उद्या कायदा होईल असं आम्ही सांगत नाही. तासगावच्या गोष्टीला दहा वर्षं लागली, दाभोलकरांच्या कायद्याला अठरा. पण ज्यांनी दरवर्षी नवी तीन पानं लिहिली त्यांच्यापेक्षा, ज्यांनी एकच मागणी घेऊन वर्षानुवर्षं तोच कागद पुढे सरकवला त्यांचं काम झालं, असं आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास सांगतो.

पुढची ग्रामसभा कधी आहे ते आपापल्या ग्रामपंचायतीत विचारून घ्या. तिच्या आधीची महिला सभा कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, हेही विचारा. गटाच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की अर्धा तास याच विषयाला द्या, दारं लिहा, आणि जी मागणी विधिमंडळाच्या दारची आहे तिचा ठराव तिथेच लिहून काढा. लिहायला अडलं तर ग्रामसंघाच्या सचिवताईंना बरोबर घ्या.